‘एखो’ शिकताय? सुरुवातीला एवढंच बघा

‘एखो’ला घाबरू नका. अटिक ग्रीकमध्ये (प्राचीन अथेन्सच्या ग्रीक बोलीत) हे क्रियापद इतकं सतत भेटतं की आता घेतलेली मेहनत नक्की फळाला येईल.

मूळ अर्थ ‘धरणं’. त्यातून ‘जवळ असणं’. नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे दिसेल तिथे ‘जवळ आहे’ लावणं. त्याआधी शेजारचा शब्द बघा:

- सोबत क्रियाविशेषण असेल तर अर्थ स्थितीचा. ‘कालोस एखेइ’ म्हणजे ‘ठीक आहे’. ‘पोस एखेइस?’ म्हणजे ‘कसा आहेस?’ इथे कर्म शोधत बसाल तर वाक्य कधीच लागणार नाही.
- सोबत तुमन्त रूप (‘सांगणं’, ‘करणं’ अशा अर्थाचं, काळ-पुरुष न दाखवणारं क्रियापदाचं रूप) असेल तर ‘शकणं’. ‘उक एखो एइपेइन’: मला सांगता येत नाही.

रूपं तूर्त चारच पाठ करा: एखो, अपूर्ण भूतकाळ एइखोन, भविष्यकाळ हेक्सो, आओरिस्ट (एकदा घडून गेलेली क्रिया सांगणारा साधा भूतकाळ) एस्खोन. एस्खोन वेगळंच क्रियापद वाटतं, पण ते याचंच. अर्थ बहुधा ‘मिळवलं, ताब्यात घेतलं’.

हेक्सोमधला ‘ह’ कुठून आला आणि आपल्या संस्कृत ‘सह्’शी याचं नातं काय, ही गोष्ट फार सुंदर आहे, पण ती नंतर. मोठ्या कोशातली अख्खी नोंदही आत्ता वाचू नका. रोज दोन-तीन सोपी वाक्यं मोठ्याने वाचा.