स्वस्त आणि महाग वाईनमधला फरक सामान्य माणसाला चवीवरून कळतो का?

पाचशेची आणि तीन हजारांची वाईन डोळे बांधून दिली तर सामान्य माणसाला फरक कळेल का, असे आपण विचारले आहे. फरक कळतो, किंमत कळत नाही. या दोन गोष्टींची गल्लत केल्यामुळे पलूस भागातल्या आमच्यासारख्या बागायतदारांचे नुकसान झाले आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आमची शिराझची, म्हणजे लाल वाईनसाठी लावतात त्या काळ्या द्राक्षाची, बाग होती. साखर २४ ब्रिक्सच्या (ब्रिक्स म्हणजे रसातल्या गोडीचे माप) आसपास येऊ द्या, बी तपकिरी होऊ द्या, मगच काढणी करा, असे मी खरेदीला येणाऱ्या अधिकाऱ्यांना विनवत असे, कारण हिरव्या बियांचा तुरटपणा वाईनमध्ये उतरतो. त्यांचे उत्तर ठरलेले असे: "पिणाऱ्याला काय कळतंय?" आणि त्याच जोरावर पिकल्या मालाला व कच्च्या मालाला एकच दर मिळे.

शेवटी मी घरीच पडताळा घेतला. शिराझच्याच दोन वेगळ्या बाटल्या आणल्या. तीन सारखे पेले घेऊन दोघांत एक वाईन व तिसऱ्यात दुसरी ओतली. वेगळा पेला ओळखायचा, एवढेच. माझा चुलतभाऊ तासगावला बेदाण्याच्या सौद्यांना बसतो, पण वाईनची त्याला सवय नाही. त्याने प्रत्येक घोट तोंडात घोळवला, मधला पेला पुढे सरकवला आणि म्हणाला, "ह्यो जीभ धरतोय, बाकीचे दोन मऊ हायत." नुसत्या अंदाजानेही तीनांतून एकदा बरोबर येते, म्हणून त्याच्या पाठीमागे पेल्यांच्या जागा बदलून फेऱ्या घेतल्या, त्याने दर वेळी तोच काढला.

बोर्दो येथे वाईनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांनी लाल रंग घातलेल्या पांढऱ्या वाईनचे वर्णन लाल वाईनच्या शब्दांत केले, हा २००१ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग लोक नेहमी पुढे करतात. त्यातून डोळा नाकावर मात करतो एवढेच दिसते. जीभ बधिर असते असे मुळीच नाही. किंमत न सांगता घेतलेल्या ६,००० हून अधिक चाचण्यांच्या २००८ सालच्या अभ्यासात मात्र सामान्य लोकांना महाग वाईन जास्त आवडली नाही, उलट किंचित कमीच आवडली, आणि ते मला पटते.

अर्थात, पेले एकाच तापमानाचे हवेत, कारण फार गार वाईनचा वास दबतो. अगदी पहिल्यांदा पिणाऱ्याला बहुधा आंबट आणि तुरट एवढेच जाणवेल.

आपण घेणारे असाल तर दुकानदाराला किमतीआधी द्राक्षाची जात आणि काढणीचे वर्ष विचारा. वाईन बनवून विकणारे असाल तर बागायतदाराला नुसत्या वजनावर दर देऊ नका. ब्रिक्स आणि बियांचा रंग त्याच्यासमोर बांधावर तपासा आणि त्यावर दर ठरवा.