वाचकांचे प्रश्न: प्लॅटिपसला सस्तन का म्हणायचं?

प्रश्न: सस्तन प्राण्यांची व्याख्या सांगताना मी ‘पिलांना जन्म देणारे’ असं म्हटलं. मैत्रिणीनं लगेच अडवलं, प्लॅटिपस तर अंडी घालतो! मग त्याला सस्तन का म्हणायचं? (आठवीतली एक वाचक)

उत्तर: मैत्रिणीचं बरोबर आहे आणि प्लॅटिपस सस्तन आहे हेही बरोबर आहे. व्याख्येत महत्त्व जन्माला नाही, दुधाला आहे. ज्यांच्या माद्या पिलांना अंगचं दूध पाजतात ते सस्तन. आता बघ, सस्तन म्हणजे स्तन असलेला, आणि प्लॅटिपसच्या मादीला स्तनाग्रंच नसतात! दूध पोटाच्या कातडीतून पाझरतं, केसांवर जमतं आणि पिल्लं ते चाटून घेतात. असं उघड्यावर आलेलं दूध जंतूंच्या तावडीत सहज सापडेल. पण त्या दुधातच जंतूंना मारणारं प्रथिन असतं.

शंका घेणारी तू पहिली नाहीस. 1799 मध्ये जॉर्ज शॉ यांनी या प्राण्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन लिहिलं, तेव्हा चार पायांच्या प्राण्याला कुणी बदकाची चोच चिकटवली तर नाही ना, असा संशय त्यांनाही आला होता. तो अंडी घालतो हे पक्कं व्हायला पुढं 85 वर्षं गेली. 1884 मध्ये विल्यम कॉल्डवेल यांनी ऑस्ट्रेलियातून तार करून ते कळवलं.

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमधल्या यंगेला राष्ट्रीय उद्यानात मी तो पाहिला आहे. पहाटे नदीकाठी तासभर उभी होते. आधी पाण्यावर बुडबुड्यांची रेघ उठली, मग वर्तुळं उमटली आणि मधोमध एक तपकिरी पाठ वर आली. तो इतका लहान असेल असं वाटलंच नव्हतं. शेपूट धरून जेमतेम दोन वीत! आठ-दहा सेकंद तो तसाच तरंगत होता, जबडा भराभर हलत होता. मग पाठीची कमान केली आणि पुन्हा बुडी. तळाशी सापडलेल्या अळ्या आणि झिंगे तो गालांतल्या पिशव्यांत भरून वर आणतो आणि खाणं पाण्यावर उरकतो. मोठ्या प्लॅटिपसला दात नसतात. तोंडातल्या टणक गाद्यांवर तो सगळं भरडतो.

खरी कमाल पाण्याखाली आहे. बुडी मारली की डोळे, कान, नाकपुड्या सगळं बंद. चोचीच्या कातडीत सुमारे 40 हजार विद्युतसंवेदक असतात. झिंग्यानं शेपूट झटकली की त्याच्या स्नायूंतून विजेची बारीकशी लहर उठते, तेवढी चोचीला पुरते. चोच डावीकडे-उजवीकडे फिरवत तो तळ चाचपत जातो. बहुतेक वेळ रात्रीची, तळाचा गाळ ढवळलेला, तिथं डोळे उघडे ठेवून काय दिसणार? आणि त्या चोचीला ‘बदकाची’ म्हणणं मला कधीच पटलेलं नाही. ती टणक नसते, ओल्या चामड्यासारखी मऊ आणि लवचीक असते.

तुझ्या मैत्रिणीला आणखी एक सांग: अंडी घालणारे सस्तन प्राणी आज जगात फक्त पाच जातींचे उरलेत. एक प्लॅटिपस आणि चार जातींचे एकिडना, म्हणजे अंगावर काटे असलेले, लांब नळीसारख्या तोंडाचे प्राणी.

प्रश्न: सैगा नावाच्या कुरंगाचं सोंडेसारखं नाक चित्रात पाहिलं. ते कशासाठी असतं? आणि हा प्राणी संपत आलाय, हे खरं का?

उत्तर: सैगा राहतो मध्य आशियातल्या उघड्या गवताळ मैदानांवर. उन्हाळ्यात कळप पळू लागला की धुळीचे लोट उठतात. हिवाळ्यात बर्फाळ वारा. ते फुगीर नाक धूळ आत अडवतं आणि थंड हवा फुप्फुसात जाण्याआधी ऊबदार करतं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आता आनंदानं देता येतं. 2015च्या मे महिन्यात कझाकस्तानात विणीसाठी जमलेल्या कळपांमध्ये अवघ्या काही आठवड्यांत दोन लाखांहून जास्त सैगा मेले. एरवी त्यांच्या शरीरात निमूट राहणारा पाश्चुरेला हा जिवाणू त्या दिवसांतल्या अवेळी उष्ण, दमट हवेत उलटला होता. मेलेल्या माद्या आणि शेजारी पडलेली पाडसं, ती छायाचित्रं मला पाहवली नव्हती. पण सैगाची मादी बऱ्याचदा जुळी पाडसं देते आणि दरम्यान तिथं शिकारीवरही कडक पहारा बसला. 2023 मध्ये कझाकस्तानातली संख्या 19 लाखांच्या घरात गेली. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघानं सैगाला ‘अतिसंकटग्रस्त’ यादीतून बाहेर काढलं. शिंगांसाठी नरांना मारणारे अजून आहेत, त्यामुळे पहारा उठवून चालणार नाही.

प्रश्न: वॉम्बॅटची विष्ठा चौकोनी असते, ही थाप आहे ना?

उत्तर: अगदी खरं आहे. ऑस्ट्रेलियातल्या या प्राण्याच्या आतड्याची भिंत शेवटच्या भागात सगळीकडे सारखी ताणली जात नाही. कुठं ताठ, कुठं सैल. तिथं विष्ठा वाळत जाते आणि तिला कोपरे येतात.

पण मला त्याहून जास्त आवडते ती मादीची पिशवी. ती मागच्या बाजूला उघडते. पुढं उघडली असती तर बीळ खणताना उडणारी माती आतल्या पिलाच्या तोंडावर गेली असती.