शाहू स्टेडियमवर पहिल्यांदा फुटबॉल मॅच बघायला जाताना

भावा, पहिल्यांदाच कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर निघालायस, तर ऑफसाइड आणि फॉर्मेशन आत्ता डोक्यात घेऊ नकोस. ते चार मॅचनंतर बघू.

आधी नावं. इथले बरेच संघ तालमींचे आणि पेठांचे: पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल. 'पीटीएम' म्हणजे पाटाकडील तालीम मंडळच. त्याचे अ आणि ब असे दोन संघ असतात, तेव्हा कुठला खेळतोय ते विचारून घे.

जागेत नवखे हमखास चुकतात. मॅच दुपारची असेल तर पश्चिमेच्या पायऱ्या धर, ऊन पाठीवर येतं. समोर बसलास तर कपाळावर हात धरूनच बघावं लागेल. अगदी खाली बसू नकोस. पाच-सहा पायऱ्या वर गेलास की पलीकडच्या विंगला, म्हणजे मैदानाच्या कडेला, मोकळा धावणारा खेळाडूही दिसतो. पेपर घे, सिमेंट तापलेलं असतं.

आणखी तीन गोष्टी:

- शर्ट साधा घाल. एका तालमीच्या रंगात दुसरीच्या समर्थकांत बसणं म्हणजे आ बैल मुझे मार!
- नुसता बॉल बघू नकोस. दहा मिनिटं एकच बचावपटू बघ, बॉल लांब असताना तो कुठं सरकतो ते.
- बाद फेरीत बरोबरी झाली म्हणून उठू नकोस, टायब्रेकर, म्हणजे पेनल्टी किकवरचा निकाल, राहिलेला असतो. गोलकीपरचे पाय बघ, बॉल मारायच्या आधीच कुठल्या बाजूला झुकतो ते कळतं.

शिव्या ऐकू येतील. बाटली मात्र कुणी भिरकावली की खेळ थांबतो, तेव्हा हुल्लडीपासून लांब बस.