चक्कर येते तेव्हा न्यूरोलॉजिस्ट की ईएनटी?

तुमच्या आईंना कूस बदलली की खोली गरगर फिरते आणि अर्ध्या मिनिटात थांबते. मानेच्या एक्स-रेत मणक्यांची झीज दिसली, म्हणून न्यूरोलॉजिस्टकडे न्यावं का, असं तुम्ही विचारलंय. आधी ईएनटीकडे न्या. साठीनंतर अशी झीज बहुतेकांच्या एक्स-रेत दिसतेच, चक्करेचं कारण त्यावरून ठरत नाही.

वर्णन बीपीपीव्हीशी, म्हणजे डोक्याची स्थिती बदलली की थोडा वेळ येणाऱ्या चक्करेशी, जुळतं. यात आतल्या कानातले कॅल्शियमचे बारीक कण जागचे सुटून अर्धवर्तुळाकार नळीत शिरतात. डोकं हललं की ते घरंगळतात, नळीतला द्रव हलतो आणि आपण फिरतोय असा चुकीचा निरोप मेंदूला जातो. तपासणी साधी असते: डोकं ४५ अंश वळवून पटकन आडवं करतात आणि बुबुळं कशी थरथरतात ते पाहतात. निदान पक्कं झालं की तिथेच एप्ली मॅनूव्हरने, म्हणजे डोकं ठरावीक क्रमाने फिरवून, कण नळीतून बाहेर काढतात. यात कान कुठला आणि नळी कुठली हे चुकलं तर गुण येत नाही, म्हणून पहिल्यांदाच व्हिडिओ बघून घरी करू नका. चक्करेच्या गोळ्यांनी कण जागेवर जात नाहीत. त्या महिनोन्‌महिने चालू ठेवल्या तर शरीराला तोल सावरायला उलट वेळ लागतो.

तासन्‌तास गरगरणं, सोबत कान भरल्यासारखा वाटणं, कमी ऐकू येणं, हेही ईएनटीचंच काम, ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) लागेल.

उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर फिजिशियन. त्यांना आडवं असताना आणि उभं राहिल्यावर १ व ३ मिनिटांनी बीपी मोजायला सांगा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर आधी चालू गोळ्या तपासायला हव्यात; बीपीच्या आणि प्रोस्टेटच्या औषधांनी हे सर्रास होतं. श्रम करताना शुद्ध हरपली किंवा आधी धडधड झाली तर कार्डिओलॉजिस्ट. मायग्रेनसोबत चक्कर येत असेल किंवा गरगरत नाही पण चालताना तोल जातो, अशा वेळी न्यूरोलॉजिस्ट.

अचानक सुरू झालेली, न थांबणारी चक्कर आणि सोबत दोन-दोन दिसणं, जीभ जड होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं किंवा आधाराशिवाय उभंच राहता न येणं, यातलं काहीही दिसलं तर अपॉइंटमेंट न शोधता थेट इमर्जन्सी गाठा. लहान मेंदूचा स्ट्रोक सुरुवातीच्या सीटी स्कॅनमध्ये सुटू शकतो, त्यामुळे सीटी नॉर्मल आला तरी लक्षणं टिकून असतील तर एमआरआयबद्दल विचारा.

ईएनटीकडे जाण्याआधी जमलं तर चक्कर चालू असताना आईंच्या उघड्या डोळ्यांचा जवळून व्हिडिओ काढून ठेवा. कुठल्या कुशीवर वळल्यावर जास्त होतं, तेही लिहून न्या.