उपास मोडला म्हणून नवरा गेला का?

आजारी माणसासाठी सगळं घर गुडघे टेकतं, आणि तरीही माणूस जातो. अशा घरातली ख्रिस्ती माणसं माझ्याकडे येतात तेव्हा दुःखाचं बोलणं पुष्कळदा मागाहून निघतं. आधी प्रश्न येतो, ‘आमची प्रार्थना कमी पडली का?’ सोलापुरातल्या एका बाईंचा अनुभव त्यांच्या परवानगीने सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्यांचे पती टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर होते. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली, डायलिसिस सुरू झालं. मंडळीतल्या, म्हणजे त्यांच्या चर्चमधल्या, बायकांनी उपास-प्रार्थनेची साखळी धरली आणि बाईंनी शुक्रवार आपल्याकडे घेतला. दिवस मावळेपर्यंत पाणीसुद्धा नाही. त्यांना स्वतःला मधुमेह. जेवण बंद, पण सकाळची गोळी चालूच. एका शुक्रवारी भर दुपारी हातपाय थरथरायला लागले, दरदरून घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली. शेजारणीने जास्त साखर घालून चहा पाजला, दोन खारी खायला लावल्या. पुढच्याच आठवड्यात पती वारले. मातीला आलेल्या एक नातलग बाई बोलून गेल्या, ‘साखळी मधेच तुटली होती ना.’

‘तो चहा मी प्यायला नको होता ओ ताई,’ बाई म्हणाल्या. ‘घोट उतरताना कळत होतं की मला.’

देवाविषयी काही बोलण्याआधी मी गोळीचं नाव विचारलं. पाकीट त्यांच्या पर्समध्येच होतं. मधुमेहाच्या काही गोळ्या पोटात अन्न असो वा नसो, शरीराला इन्सुलिन सोडायला लावतात. त्यांची गोळी त्याच प्रकारची होती. उपाशीपोटी तिने साखर खाली जाते. थरथर, घाम, अंधारी ही त्याचीच लक्षणं. तशीच राहू दिली तर माणूस बेशुद्ध पडतो, जीवही जाऊ शकतो. शेजारणीने त्या दिवशी त्यांना वाचवलं होतं. हे ऐकल्यावर त्या पहिल्यांदा मोकळेपणाने रडल्या. ‘म्हणजे मीपण गेले असते? पोरं उघड्यावर पडली असती?’ एवढंच दोनतीनदा म्हणाल्या. डॉक्टरांना दाखवून गोळीच्या वेळा नीट लावून घ्या, असं मी त्यांना सांगितलं.

चहाचं ओझं उतरलं, खरा प्रश्न मात्र पुढच्या भेटीत आला. ‘चहाचं जाऊ द्या. पण एवढी माणसं मागत होती, मग त्यानं ऐकलं का नाही?’

पती का गेले याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं आणि ते देण्याचा आव मी आणला नाही. ‘देवाची इच्छा’ हे शब्द दुसऱ्याच्या तोंडून येतात तेव्हा नुकत्याच विधवा झालेल्या बाईला ते दार लावून घेतल्यासारखे वाटतात. मी बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानाचा चौदावा अध्याय उघडून दिला. गेथशेमाने बागेत येशू जमिनीवर पडून मागतो, बापा, हा प्याला, म्हणजे समोर आलेलं हे दुःख आणि मरण, माझ्यापासून दूर कर. प्याला दूर होत नाही. ‘येशूचा विश्वास कमी पडला होता का?’ मी विचारलं. बाई बराच वेळ पानाकडे बघत बसल्या. मग प्रेषित पौलाचं दाखवलं. शरीरातला काटा, म्हणजे सतत छळणारी एक पीडा, निघावा म्हणून त्याने तीनदा विनंती केली. काटा राहिला, माझी कृपा तुला पुरे आहे, एवढं उत्तर मिळालं. विश्वास मोजायचं माप ‘मागितलेलं मिळालं का’ हे असेल, तर हे दोघेही त्यात नापास होतात. म्हणून ते मापच चुकीचं आहे, असं मी ठामपणे मानते.

तरी मागायचं सोडा, असं मी कधीच म्हणत नाही. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत रोजची भाकर मागितलीच आहे, आणि आजाऱ्यासाठी प्रार्थना करा, असं बायबलमधलं याकोबाचं पत्र सांगतं. पण रोजच्या भाकरीच्या त्या प्रार्थनेच्या आधीच, तुम्ही मागण्यापूर्वी तुमची गरज पित्याला ठाऊक आहे, हेही येशू सांगतो. त्याला खबर पोचवायला किंवा उपासाची किंमत मोजून काही विकत घ्यायला आपण बसत नाही. बापाजवळ जे असेल ते घेऊन बसायचं असतं. रागसुद्धा.

इथेच बाई अडल्या. ‘देवावर रागवायचं कसं ओ? पाप नाही का?’ पंढरपूर आमच्याच जिल्ह्यात. विठोबाशी भांडणाऱ्या तुकोबांचे अभंग इथल्या कानांना परके नाहीत. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी आलो असं मानणारे, १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले कवी ना. वा. टिळक आमच्या उपासनेत गायले जातात. तरी ख्रिस्ती घरांत देवापुढे तक्रार करायची चोरी! मी त्यांना बायबलमधलं ८८वं स्तोत्र मोठ्याने वाचायला सांगितलं. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी स्तुतीकडे वळतात, हे वळत नाही. अंधारावरच संपतं, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे.

नंतरच्या एका भेटीत त्यांनी वहीतलं एक पान दाखवलं. ‘बापा, तू ऐकलं नाहीस. मला राग आलाय. रात्री झोप येईना झालीय. मोठ्याची फी भरायचीय, काम मिळू दे. ते तुझ्याजवळ असतील तर त्यांना सांभाळ.’ पती गेल्यापासून त्यांनी केलेली ही पहिली प्रार्थना होती. एरवी इतरांबरोबर त्या नुसत्या ओठ हलवत होत्या.

झोपेसाठी त्यांना मी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं आहे आणि ते उपचार सुरू आहेत. मंडळीच्या भगिनी सभेत त्यांनी स्वतः उभं राहून दोन गोष्टी मागितल्या: साखरेच्या नाहीतर बीपीच्या गोळ्या चालू असतील त्या बाईने डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास धरायचा नाही, आणि मातीच्या घरी जाऊन कुणी कुणाचा विश्वास तपासायचा नाही. पहिली लगेच मान्य झाली. दुसरीवर बराच वेळ बोलणं झालं, आणि त्या नातलग बाई पुढच्या रविवारी त्यांच्या घरी येऊन गेल्या.