पंख्याआडून गोळी सुटायची कशी?

प्रश्न : पहिल्या महायुद्धाच्या आधीच मशीनगन होती, विमानंही होती. मग 1914 मध्ये वैमानिक पिस्तूल-रायफलींवर का भागवत होते?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : पहिली आडकाठी वजनाची. 22 ऑगस्ट 1914 रोजी ब्रिटिश वैमानिक लुई स्ट्रेंज यांनी फार्मान विमानावर लुईस गन ही मशीनगन चढवली. ते ओझं घेऊन विमान 3,500 फुटांच्या वर जाईना आणि जर्मन विमान 5,000 फुटांवर निवांत! वरिष्ठांनी गन उतरवायला लावली. 5 ऑक्टोबरला फ्रान्समधल्या रॅंसजवळ फ्रान्ट्झ आणि केनो या फ्रेंच जोडीने मशीनगनने जर्मन विमान पाडलं, पण त्यांच्या व्हॉयझां विमानाचा पंखा (प्रोपेलर) मागे होता, समोर मोकळं. तरीही ऐनवेळी गन अडकली आणि शेवट रायफलीनेच झाला.

पंखा पुढे असला की खरी पंचाईत. आपल्याकडच्या कूलरचा एक्झॉस्ट पंखा डोळ्यांपुढे आणा. विमानाचा पंखा मिनिटाला 1,200 फेरे घेत असेल तर दोन पाती मिळून सेकंदाला 40 वेळा नळीसमोरून जातात. गन सोडते सेकंदाला आठेक गोळ्या. बऱ्याच सुटून जातील, पण पातं फोडायला एकही पुरे. फ्रेंच वैमानिक रोलाँ गारो यांनी आपटणारी गोळी बाजूला उडावी म्हणून पात्यांवर पोलादी पाचरी बसवून एप्रिल 1915 मध्ये विमानं पाडली. आपटलेल्या प्रत्येक गोळीचा हादरा मात्र इंजिनापर्यंत जायचा. 18 एप्रिलला ते जर्मन हद्दीत उतरले नि पकडले गेले.

जर्मनीतल्या फोक्करच्या विमान कारखान्याने वेगळीच वाट धरली. पंख्याबरोबर फिरणारा कॅम (उंचवटा असलेली चकती), त्याने ढकलला जाणारा दांडा, दांड्याच्या टोकाला चाप. पंखा गन थांबवतो, असं सर्रास लिहिलं जातं, ते चूक. पातं सरकलं की पंखाच चाप ओढतो. म्हणून लुईस गन इथे निकामी. तिचा बोल्ट (काडतूस नळीत ढकलणारा भाग) मागून धावत येऊन मग बार उडवतो, त्या उशिराचा नेम नाही. मॅक्सिम जातीच्या गनमध्ये काडतूस आधीच नळीत बसलेलं असतं. त्यातही दारू उशिरा पेटणारं एखादं काडतूस निघालं, की गोळी स्वतःच्याच पात्यात.

प्रश्न : रशियन वैमानिकाने शत्रूच्या विमानाला धडक दिली होती का?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : होय. प्योत्र नेस्तेरोव यांनी 8 सप्टेंबर 1914 रोजी झोव्क्वाजवळ (आजच्या युक्रेनमध्ये) ऑस्ट्रियन अल्बाट्रॉस विमानाला धडक दिली. त्यात तेही गेले. काही पुस्तकांत 26 ऑगस्ट सापडेल, ती जुन्या रशियन पंचांगाची तारीख.