डम्बोला उडता आलेच नसते तर?

जुन्या चित्रपटांविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी या वेळी तीन निवडले असून तिन्ही डिस्नेच्या १९४१ सालच्या ‘डम्बो’ या अ‍ॅनिमेशनपटाविषयीचे आहेत.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. वर्गात मुलांना ‘डम्बो’ दाखवला. अवाढव्य कानांमुळे सर्कशीत चेष्टेचा विषय झालेले हत्तीचे पिल्लू शेवटी त्याच कानांच्या बळावर उडू लागते, तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात एका मुलीने विचारले, “पण त्याला उडता आलंच नसतं तर?” मला उत्तर सुचले नाही. जो इतरांसारखा नाही त्याने काही अचाट करून दाखवले तरच त्याला जवळ करायचे, असे हा चित्रपट शिकवतो का?

उत्तर : तुमच्या विद्यार्थिनीने नेमक्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवले आहे. केवळ शेवट पाहिला तर तिची शंका रास्त ठरते. डम्बो उडाल्याबरोबर वर्तमानपत्रांत मथळे झळकतात, त्याच्या कानांचा विमा उतरवला जातो, हॉलिवूडचा करार होतो आणि ज्या सर्कशीने त्याच्या आईला डांबून ठेवले होते त्याच सर्कशीच्या आगगाडीला आता खास डबा जोडला जातो. कालपर्यंत ओझे वाटणारे पिल्लू आज कमाईचे साधन झाले, यापलीकडे त्या घाईघाईच्या शेवटात मला फारसे काही दिसत नाही.

मात्र ६४ मिनिटांच्या या चित्रपटात डम्बो लोकांसमोर उडतो तो अगदी शेवटच्या काही मिनिटांत, आणि त्याला आहे तसा स्वीकारणारे दोन जीव त्याआधीच आपल्याला भेटलेले असतात. त्यांतली पहिली त्याची आई. शिंक येऊन पिल्लाचे कान फुलतात आणि इतका वेळ त्याचे कौतुक करणाऱ्या हत्तिणी कुजबुजू लागतात. आईच्या वागण्यात मात्र तिळमात्र फरक पडत नाही. पुढे एक टारगट मुलगा ते कान ओढून पिल्लाला छळतो, तेव्हा ती त्याला सोंडेने फटके देते आणि वेडी हत्तीण ठरून गजांच्या गाडीत बंद होते. रात्री डम्बो तिला भेटायला जातो, तो प्रसंग पुन्हा एकदा नीट पाहावा. पायांत साखळदंड असल्यामुळे तिला गजांपर्यंत येता येत नाही. ती फक्त सोंड बाहेर काढते, अंधारात पिल्लाला चाचपडते आणि सोंडेचाच झोपाळा करून त्याला झुलवते. मागे अंगाईगीत चालू असते आणि मधूनमधून आपापल्या पिल्लांना कुशीत घेऊन निजलेले सर्कशीतले इतर प्राणी दिसतात, अगदी पाण्याखाली झोपलेले पाणघोडेसुद्धा. या वेळी डम्बोला आपण उडू शकतो हे स्वप्नातही ठाऊक नसते, आणि तो उडेल म्हणून कोणी त्याच्यावर माया करत नसते.

दुसरा टिमोथी उंदीर. सगळ्या हत्तिणी पाठ फिरवून उभ्या राहतात तेव्हा तो आपणहून पुढे होतो. उलट हत्तिणींची भूमिका पाहा : डम्बोला विदूषकांच्या हवाली केल्याचे कळताच, आजपासून तो हत्ती नाहीच, अशी त्या रीतसर शपथ घेतात. ज्यांना त्याला जातीबाहेर टाकायचे होते त्यांच्यासाठी त्याचे कान हे केवळ निमित्त होते, असे मला ते दृश्य पाहताना नेहमी वाटते.

याच संदर्भात हान्स ख्रिश्चन अँडरसन यांची १८४३ सालची कुरूप पिल्लाची गोष्ट आठवते. डिस्नेच्या स्टुडिओने तिच्यावर १९३१ आणि १९३९ असे दोनदा लघुपट काढले होते. त्या गोष्टीतले पिल्लू मुळात बदकाचे नसतेच. आपल्या जातीचे पक्षी भेटले की त्याचे दुःख संपते. डम्बोची अशी सुटका होत नाही. तो हत्तीच राहतो आणि कानही तेवढेच राहतात.

तेव्हा तुमच्या विद्यार्थिनीला सांगता येईल की डम्बोला उडता आले नसते तर सर्कशीने त्याला विदूषकच ठेवले असते आणि त्याची आई बहुधा सुटली नसती. टिमोथी मात्र त्याला सोडून गेला नसता. चित्रपट हे उत्तर उघडपणे देत नाही, पण त्यातल्या पात्रांच्या वागण्यावरून ते निघते. मुलीला ते अपुरे वाटले तर तिचे काही चुकले असे मी म्हणणार नाही.

प्रश्न : ‘पिनोकियो’च्या मानाने ‘डम्बो’ची चित्रे इतकी साधी का? शिवाय नायक एकही शब्द बोलत नाही, ते का?

उत्तर : साधेपणाचे मूळ कारण पैसा. १९४० साली आलेल्या डिस्नेच्याच ‘पिनोकियो’ आणि ‘फँटेशिया’वर अफाट खर्च झाला होता, आणि महायुद्धामुळे युरोपची बाजारपेठ बंद पडल्याने तो वसूल झाला नाही. त्यामुळे ‘डम्बो’ दहा लाख डॉलरच्या आत बसवण्यात आला. पार्श्वभूमीसाठी जलरंग वापरले गेले आणि तपशिलांची गर्दी टाळली गेली. माझ्या मते ही काटकसर चित्रपटाच्या पथ्यावरच पडली, कारण नजर पात्रांवरून हलत नाही.

डम्बोच्या मुक्या अभिनयाचे श्रेय प्रामुख्याने बिल टायटला या अ‍ॅनिमेटरकडे जाते. धिप्पाड, भयंकर पात्रे रंगवण्यासाठी ते ओळखले जात, पण डम्बोसाठी त्यांनी आपल्या लहान मुलाच्या हालचाली आणि हावभाव न्याहाळले. टबात अंघोळ करताना आईच्या पायांमधून पळणारे, दडणारे पिल्लू पाहिले की त्याला संवादांची गरज का पडली नाही हे कळते. १९४१ च्या मे महिन्यात स्टुडिओत मोठा संप झाला आणि त्यात टायटलाही उतरले. पगारवाढ मागायला निघालेल्या विदूषकांचे दृश्य म्हणजे संपकऱ्यांना काढलेला चिमटा आहे, असे अनेक अभ्यासक मानतात. जाता जाता, या चित्रपटाच्या संगीताला ऑस्कर मिळाले आणि वर उल्लेखलेल्या अंगाईगीताला नामांकन.

प्रश्न : पाच वर्षांच्या मुलाला हा चित्रपट दाखवावा का? त्यातल्या कावळ्यांविषयी उलटसुलट ऐकले आहे.

उत्तर : दाखवावा, पण शेजारी बसून. आईची ताटातूट लहान मुलांना फार लागते. विदूषकांच्या हातून दारू पडलेले पाणी नकळत प्यायल्यावर डम्बोला जे गुलाबी हत्ती दिसतात, ते कल्पकतेच्या दृष्टीने अजोड असले तरी काही मुले त्यांना घाबरतात. मूल डोळे झाकू लागले तर तेवढा भाग गाळून पुढे जावे.

कावळ्यांविषयीचा आक्षेप खरा आहे. त्यांच्या बोलण्याचालण्यात कृष्णवर्णीय अमेरिकनांची ठरावीक साच्यातली नक्कल आहे. त्यांच्या म्होरक्याला क्लिफ एडवर्ड्स या गोऱ्या गायकाने आवाज दिला, आणि निर्मितीच्या कागदपत्रांत त्या पात्राचे नाव ‘जिम क्रो’ होते, म्हणजे अमेरिकेतल्या वर्णभेदी कायद्यांना ज्या नावाने ओळखले जात असे तेच. भर पावसात तंबू उभारणाऱ्या, चेहरे नसलेल्या कृष्णवर्णीय मजुरांचे दृश्य मला तर त्याहून वाईट वाटते, कारण निदान कावळ्यांना व्यक्तिमत्त्व तरी आहे. आधी हसणारे हेच कावळे टिमोथीने खडसावल्यावर वरमतात आणि डम्बोला धीर यावा म्हणून ‘जादूचे’ पीस देतात. डिस्नेच्या स्वतःच्या वाहिनीवर या चित्रपटासोबत याविषयीची सूचना दिलेली असते. पाच वर्षांच्या मुलाला हा इतिहास सांगण्याची घाई नको. मूल आठ-दहा वर्षांचे झाले की चित्रपट पुन्हा लावावा आणि त्या मजुरांना चेहरे का काढले नसतील, हे त्यालाच विचारावे.